गाणाऱ्या बाई आणि श्रीयुत वापराची-पद्धत

तीर्थस्वरूप मामा,

भाच्याचा नमस्कार. (साष्टांग म्हणणार होतो, पण गेल्या महिन्यात कंबर धरली तेव्हापासून आठांपैकी सहाच अंगं जमिनीपर्यंत पोचतात. उरलेली दोन उभ्यानेच तुमच्या पाया पडताहेत, असं समजून घ्या.) इकडे सगळं ठीक. तुमची भाचेसून मला बोलण्याइतकी ठणठणीत आहे. तुमची तब्येत कशी आहे? हे मी फोनवरही विचारतो, आणि तुम्ही "बरी आहे, ठेवतो" म्हणता आणि खरोखरच ठेवता. मामी गेल्यापासून तुमचे फोन इतके आखूड झालेत की तुमचं 'हॅलो' आणि 'ठेवतो' यांच्यामध्ये मला श्वास घ्यायलासुद्धा जागा उरत नाही. पत्राचं तसं नाही. पत्र मध्येच ठेवता येत नाही. (म्हणजे येतं, पण मग ते टेबलावरून तुमच्याकडे बघत राहतं.) गुडघ्याला तेल लावता का? खोकल्याचं औषध घेता, की बाटली नुसती उशाशी ठेवून तिच्यावर विश्वास टाकलाय? तुमच्या शेजारच्या बाई म्हणत होत्या की तुम्ही संध्याकाळचं फिरणंही बंद केलंय. मी म्हटलं, बूट घालायचा कंटाळा येत असेल. त्या म्हणाल्या, मग चपला घालून जावं. यावरचं उत्तर मी अजून शोधतोय. तुमच्याकडे असलं तर कळवा.

आता मुद्द्याचं. गेल्या शनिवारी माझ्यावर जो प्रसंग गुदरला तो तुम्हाला सांगणं भाग आहे, कारण त्याचं मूळ तुमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाशी आहे. तुम्ही जन्मभर शाळेत फ्रेंच शिकवलंत, आणि सुट्टीत शाळा बंद असल्यामुळे ते माझ्यावर काढलंत. एक क्रियापद सगळ्या काळांतून फिरवून आणल्याशिवाय माझ्या ताटात काही पडत नसे. (मामी मागच्या मागे वाढायच्या. हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.) त्याच फ्रेंचवर मी आज पोट भरतो. पण यंत्रांबरोबर खोक्यात घडी घालून जी पत्रकं येतात, जी कुणी वाचत नाही आणि यंत्र बिघडल्यावर मात्र घरभर शोधतात, ती आपल्या भाषेत आणणं म्हणजे फ्रेंच बोलणं नव्हे. माझं सगळं फ्रेंच पाण्याचे पंप, वाफेच्या इस्त्र्या आणि कपडे धुण्याची यंत्रं यांच्या संगतीत वाढलेलं. आज्ञार्थ माझा पक्का आहे. धोक्याच्या सूचना मी झोपेत देऊ शकतो. (देतोही, असं तुमची भाचेसून म्हणते. एकदा म्हणे मी झोपेत तिला 'ओल्या हाताने स्पर्श करू नये' असं बजावलं.) पण फ्रेंच बोलणाऱ्या हाडामांसाच्या माणसासमोर मी उभ्या आयुष्यात तोंड उघडलेलं नव्हतं.

आमच्या कचेरीसमोर सभागृह आहे. तिथल्या व्यवस्थापकाला सगळे 'पडदा' म्हणतात, कारण कुठलाही पेच आला की त्याचा पहिला हुकूम 'पडदा पाडा' हाच असतो. (एकदा बक्षीस समारंभात पाहुण्यांना ठसका लागला, तर यानं पडदा पाडला. पाहुणे बाहेरच्या बाजूला राहिले.) हा पडदा दोन दिवस आधी धापा टाकत आमच्या घरी आला. पश्चिम आफ्रिकेतल्या एका मोठ्या गायिकेचा कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी ठरलेला, तिकिटं संपलेली, आणि बाई प्रत्येक गाण्याआधी त्याची हकीकत सांगतात ती फ्रेंचमध्ये. दुभाषी ठरवला होता, पण त्याची अक्कलदाढ सुजली आणि जबडा उघडेना. माझा जबडा मात्र 'नाही' म्हणायला चांगला उघडला होता. तेवढ्यात आतून तुमची भाचेसून आली आणि म्हणाली, "जातील की! झोपेतसुद्धा बोलतात." झालं. नवऱ्याची बाजू नवऱ्याच्या आधी मांडणारी बायको मिळायला भाग्य लागतं. माझं जरा जास्तच उजळलेलं आहे.

शनिवारी दुपारी मी इस्त्रीचा शर्ट घालून रंगपटात गेलो. बाई साठीच्या असतील. अंगानं भरभक्कम, पायातल्या चपला काढून ठेवलेल्या, गळ्याभोवती शाल, आणि कोपऱ्यातल्या गळक्या नळाकडे टक लावून बसलेल्या. मला बघताच त्यांनी नळाकडे बोट करून काहीतरी विचारलं. मामा, त्यांचं फ्रेंच तुमच्या फ्रेंचसारखं नव्हतं. तुमचं कडक इस्त्रीचं. त्यांचं धुऊन वाऱ्यावर टाकलेलं, सारखं हलतंय, कुठली बाही कुठं गेली तेच कळू नये. पण नळ आणि बोट मिळून अर्थ लागला. मी रात्रभर पाठ केलेलं स्वागताचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून स्वच्छ, शुद्ध, तुम्ही पैकीच्या पैकी दिले असते असं फ्रेंच बाहेर पडलं: "पाणीपुरवठा बंद केल्याशिवाय दुरुस्तीचा प्रयत्न करू नये." बाईंनी नळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्या हसल्या. तसं हसणं मी पूर्वी पाहिलेलं नाही. आधी शाल हलली, मग खुर्ची, आणि आवाज सगळ्यात शेवटी आला. मी सावरायला गेलो आणि म्हणालो की खरेदीबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. त्या क्षणापासून मी त्यांचा 'मस्य मोद दाँप्ल्वा' झालो, म्हणजे श्रीयुत वापराची-पद्धत. कार्यक्रमभर त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या होता, तिशीतला, शांत. तो कोरा नावाचं वाद्य वाजवतो. तुम्ही कोरा पाहिलाय का? मी त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि सवयीनं आधी मागच्या बाजूला कंपनीची पट्टी शोधली. पट्टी नव्हती. अर्धा भोपळा, पण केवढा, वर्षाचं मूल आत बसावं एवढा. त्याच्या तोंडावर ताणलेलं गाईचं कातडं, वर लांब लाकडी दांडा, आणि एकवीस तारा दोन रांगांत. वाजवतात फक्त दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. बाकीची सहा बोटं दोन दांडकी धरून नुसती बसलेली असतात. (कचेरीत हे प्रमाण याहून वाईट असतं.) आणि गंमत अशी की वाद्याचं तोंड असतं वाजवणाऱ्याकडे. लोकांना दिसते ती भोपळ्याची पाठ. म्हणजे तो स्वतःलाच वाजवून दाखवतो आणि आपण मागून चोरून ऐकतो. आवाज कसा सांगू? एकाच जिन्यावरून कुणीतरी भरभर उतरतंय, त्याच वेळी दुसरं कुणी चढतंय, आणि कुणाचा कुणाला धक्का लागत नाही, तसा.

बाईंची रीत अशी की जातील त्या गावचा एक वादक सोबत घ्यायचा. इथे पडद्यानं आमच्या गावच्या शाळेतल्या व्हायोलिनच्या बाई ठरवल्या होत्या. या बाई कानाच्या इतक्या पक्क्या की शाळेची घंटा उतरलेली आहे असा त्यांचा लेखी अर्ज मुख्याध्यापकांकडे अजून पडून आहे. सराव सुरू झाला, पुतण्यानं कोरा छेडला, आणि व्हायोलिनच्या बाईंनी गज खाली ठेवला. मला म्हणाल्या, "त्याला सांगा, ही तार उतरली आहे."

आता 'उतरली आहे' हे नम्रपणे कसं सांगावं, याचा धडा तुम्ही घेतला असेल तर त्या दिवशी मी शाळा बुडवली होती. मी पुतण्याला म्हणालो, "आपल्या उपकरणात बिघाड आढळला आहे. कृपया अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा."

त्यानं अंगठे तारांवरून उचलले. मग गंभीरपणे म्हणाला, "ते आमचे आजोबा होते. ते वारले."

 पुढं त्यानंच समजावलं, की तार उतरलेली नाही, ती तिथेच असते. "आमच्याकडे हा सूर इथंच राहतो."

"इथं म्हणजे कुठं?" व्हायोलिनच्या बाई कडाडल्या. "दोन सुरांच्या फटीत?" (फट या शब्दाला मला फ्रेंच येत होतं, पण ते दाराच्या रबरातून पाणी झिरपतं त्या संदर्भात. म्हणून मी तो गाळला.) दोघंही आपापल्या जागी ठाम. गाणाऱ्या बाई तोवर बाकावर डोळे मिटून पडल्या होत्या. त्या उठून बसल्या आणि गायल्या. एका सुरावरून निघाल्या आणि दुसऱ्यावर पोचल्या. मध्ये कुठं पायरी म्हणून लागली नाही. मग व्हायोलिन हातात घेऊन त्याच्या मानेवरून बोट फिरवलं. तिथं काहीच नव्हतं, ना पडदे ना पट्ट्या. म्हणाल्या, "त्याच्या तारा बांधलेल्या आहेत. तुमचं बोट मोकळं आहे." हे मात्र मी झकास सांगितलं, कारण यातला एकूण एक शब्द पत्रकांत येतो. व्हायोलिनच्या बाई थोडा वेळ फुगून बसल्या. नंतर त्यांनी बोट केसभर सरकवलं. मामा, तोपर्यंत ती दोन वाद्यं शेजारशेजारच्या खोल्यांतून ओरडून बोलत होती. आता एका खोलीत येऊन बसली. व्हायोलिनच्या बाईंच्या भुवया वर गेल्या त्या सराव संपेपर्यंत खाली आल्या नाहीत. जाताना मला म्हणाल्या, "बेसूरच आहे. पण बेसूर म्हणवत नाही."

मला या सगळ्याचं भारी कुतूहल वाटायला लागलं होतं. दुभाषी म्हणून भीती होतीच, पण भीतीच्या शेजारी कुतूहल बसलं की भीती जरा अंग चोरते. मी कागदावर प्रश्न लिहिला, व्याकरण तपासलं, आणि बाईंना विचारलं, की तुमच्या गाण्यात इतकी निरनिराळी गाणी ऐकू येतात, त्यातलं तुमचं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, आणि ती तुम्ही मिसळता कशी? त्या म्हणाल्या, त्यांचे वडील घराण्यांची नावं गाणारे. कुणाचा आजा कोण, कुणी कुणाला लढाईत मारलं आणि कुणी कुणाला मुलगी दिली, हे सगळं तोंडपाठ ठेवायचं आणि गायचं, हा पिढीजात व्यवसाय. आई नदीकाठच्या लोकांतली, ती येताना होडी वल्हवायची गाणी घेऊन आली. शेजाऱ्यांकडे रेडिओ, त्यावर दिवसभर समुद्रापलीकडचं नाचाचं संगीत. "मी काही मिसळलं नाही," त्या म्हणाल्या. "भिंती पातळ होत्या."

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. मला मंचाच्या एका कडेला माइक देऊन उभं केलं होतं. पहिल्या गाण्याआधी बाई बोलू लागल्या, आणि काय सांगू! हातांनी जाळी ओढली, कुणाला तरी रागे भरल्या, मांडीवर थापा मारल्या, एक डोळा पुसला, घोड्यावर बसून कुणीतरी मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. मग थांबून त्यांनी माझ्याकडे हात केला. एवढ्या पुरात माझ्या हाताला दोनच ओंडके लागले होते. मी माइकमध्ये म्हणालो, "हे गाणं पाण्याबद्दल आहे. त्यात एक घोडा आहे."

तिसऱ्या रांगेत एक काठीवाल्या आजी बसल्या होत्या. त्या भर सभेत म्हणाल्या, "एवढं सगळं बोलली ती, आणि तुम्ही एवढंच? बाकीचं तुम्ही खाल्लंत काय?"

सभागृह हसलं. माझे कान तापले. ठरवलं, की आता काय वाटेल ते होवो, शब्द गाळायचा नाही. पुढचं गाणं लग्नाचं होतं. बाई सावकाश बोलल्या, मीही जिवाचा कान केला, आणि या खेपेला जवळजवळ सगळं कळलं. पण मामा, घाईत भाषांतर करायला गेलं की माणूस जो रस्ता रोज चालतो त्याच रस्त्याला लागतो. माझ्या तोंडून आलं ते असं: "प्रथम नवरीला नदीकाठी नेऊन सपाट पृष्ठभागावर उभे करावे. वराकडील मंडळी पोचेपर्यंत झाकण उघडू नये." (मी लगेच 'म्हणजे ओढणी' अशी दुरुस्ती केली, पण उशीर झाला होता.) "सासू थरथरू लागल्यास घाबरू नये, हे नेहमीचे आहे. नवरीला एकटीला पाण्यात सोडू नये. तिच्याबरोबर दोन बहिणी घालाव्यात." लोक खुर्च्यांवरून घसरायला लागले. व्हायोलिनच्या बाईंचा गज हातात थडथडत होता. गाणाऱ्या बाईंना वाटलं, की हा माणूस फार रसाळ सांगतो. त्यांनी मला वाकून मुजरा केला, आणि पुढच्या गाण्यांना त्या आणखी लांब लांब हकिकती सांगू लागल्या. मीही पेटलो. बकरीच्या चोरीचं गाणं मी 'सुटे भाग मोजून घ्यावेत' इथवर नेलं. काठीवाल्या आजी आता काठीनंच दाद देत होत्या. खरं सांगतो, मला चढली होती. वाटलं, जन्म फुकट पंपांमध्ये घालवला.

आणि तिथंच नाक कापलं जायची वेळ आली. मंचावरचे दिवे मंद झाले. बाई खुर्चीवर बसल्या, पुतण्यानं दोनच तारांवर काहीतरी धरलं, आणि त्या बोलू लागल्या. लोकांकडे बघून नाही. मंचाच्या कोपऱ्यात पडद्याच्या दोऱ्या बांधतात ना, तिकडे बघून. मी कान पुढं केला. एक शब्द कळेना. आधी वाटलं कानात दडे बसले. मग लक्षात आलं, ते फ्रेंचच नव्हतं. त्या आईच्या भाषेत गेल्या होत्या. पुतण्याकडे पाहिलं, तर त्यानं डोळे मिटलेले. त्या थांबल्या नाहीत, माझ्याकडे हातही केला नाही, पण सगळं सभागृह मात्र माझ्याकडे बघायला लागलं. विंगेत पडदा दोन्ही हातांनी 'पाडू का, पाडू का' अशा खुणा करत होता.

मामा, ठोकून देता आलं असतं. नदी, चंद्र आणि आई यांतले कुठलेही दोन घेऊन एक वाक्य केलं असतं तर निभावलं असतं. लोक आज माझ्या बाजूनं होते, काहीही खपलं असतं. जिभेवर 'हे गाणं' इथपर्यंत आलंही. पण तुमच्या टेबलापाशी मी अंदाजपंचे अर्थ सांगायला लागलो की तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणायचात, "येत नाही, हेही फ्रेंचमध्ये म्हणता येतं. ते म्हण." चष्म्यावरून ते बघणं सभागृहाच्या अंधारातही मला दिसलं. मी माइकमध्ये म्हणालो, "माफ करा. ही भाषा मला येत नाही."

"मग गप्प उभे राहा की," आजी म्हणाल्या. "ऐकू द्या."

मी गप्प उभा राहिलो. बाई बोलत राहिल्या. खालच्या पट्टीत, जरा कुरकुरत, मध्येच एक उसासा, मध्येच ओठाच्या कोपऱ्यात हसू. आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते कुणालाच कळलं नाही. शिवण म्हणून कुठं दिसली नाही. व्हायोलिन मागून हळूच आलं आणि त्याच त्या फटीतल्या सुरावर जाऊन थांबलं. विंगेत पडद्याचे हात वर होते ते वरच राहिले. आजींनी चष्मा काढून पुसला. मीसुद्धा रडलो. काय ऐकतोय ते कळत नसताना रडायची माझी पहिलीच वेळ. (लग्नात रडलो होतो, पण तेव्हा सगळं कळत होतं.) मला त्यात मरण ऐकू येत होतं, सुटलेलं गाव ऐकू येत होतं, परतीची वाट बुडवणारा पूर ऐकू येत होता.

कार्यक्रम संपल्यावर रंगपटात सामान आवरता आवरता मी बाईंना विचारलंच, की ते काय होतं? त्या म्हणाल्या, "माझा नवरा." तो जन्मभर त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडला, वाजवायचा नाही, गायचा नाही, विंगेत खुर्ची टाकून बसायचा आणि त्या गायला लागल्या की डुलक्या घ्यायचा. तीन वर्षांमागे गेला. "त्याला मी रोज दिवसभराचं सांगते."

"म्हणजे काय सांगता?"

त्यांनी बोटं मोडत सांगितलं. या खोलीतला नळ गळतोय. दुपारचं सूप गार होतं. पोराचं आणि मास्तरीणबाईंचं भांडण झालं आणि मिटलं. डावी चप्पल चावते, तू म्हणाला होतास घेऊ नकोस, घेतली. आणि आज एक माणूस भेटला, तो कपडे धुण्याच्या यंत्रासारखा बोलतो; तू असतास तर खुर्चीवरून पडला असतास.

तर मामा, मी जे ऐकून ढसाढसा रडलो, त्यात मरण नव्हतं, पूर नव्हता, मी होतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या गाण्यात माझं नाव लागलं आणि तेही यंत्र म्हणून. मी विचारलं, की हे फ्रेंचमध्ये का नाही सांगत? त्या म्हणाल्या, फ्रेंच ते दोघं विमानतळावर बोलायचे. घरी भांडायचे ते आईच्या भाषेत. "ज्या भाषेत भांडलो त्याच भाषेत तो ऐकेल ना?" आणि मग लोक का रडतात, नळाच्या आणि चपलेच्या गोष्टीला? बाईंनी खांदे उडवले आणि शालीची गाठ मारली. "त्यांच्याही घरी नळ गळत असतील."

मी चालत घरी आलो. तुमच्या भाचेसुनेला सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली, आणि मग तिनं काहीही कारण नसताना माझा शर्ट खुंटीवरून काढून नीट हँगरला लावला.

बाकी विशेष काही नाही. एरवी इथं 'मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद' लिहायचं असतं. पण तुमच्या घरात मोठे तुम्हीच आणि लहानही तुम्हीच, तेव्हा दोन्ही तुम्हीच वाटून घ्या.

तुमचा,
भाचा

ता. क. काठीवाल्या आजींनी पडद्याकडे चौकशी केली की तो वापराची-पद्धतवाला लग्नसमारंभात निवेदन करतो का. मी करत नाही, असं कळवलं आहे. तुमच्या भाचेसुनेनं मी करतो, असं कळवलं आहे.

ता. क. २. खरं काम राहिलंच. निघताना बाईंनी विचारलं, की हे फ्रेंच तुला कुणी शिकवलं. म्हटलं, मामांनी. आहेत का? आहेत. मग आज ते का नाही आले? मी सांगितलं, की ते दुसऱ्या गावी असतात, मामी गेल्या, तेव्हापासून घरात बसून असतात. "बसून काय करतात?" आता मामा, तुम्ही बसून काय करता हे मला आपल्या भाषेतही सांगता येत नाही. फ्रेंचमध्ये माझ्यापाशी एकच वाक्य होतं, ते मी म्हणालो: "उपकरण सुस्थितीत आहे, परंतु सध्या वापरात नाही." मला वाटलं, आता खुर्ची हलणार. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याच गावात आहोत. त्यांना सांग, मला माणूस हवा आहे. फ्रेंच येणारा, आणि मी नवऱ्याशी बोलत असेन तेव्हा गप्प उभं राहता येणारा." मी तुमच्या वतीनं हो म्हटलं आहे. रविवारी दुपारी गाडी दाराशी येईल. शेजारच्या बाई तुमचा काळा कोट झटकून ठेवणार आहेत. त्यांच्याकडे कपाटाची किल्ली कशी आली, हे त्यांना विचारू नका, मलाही विचारू नका. नाही म्हणायचं असेल तर बाईंना स्वतः फोन करून सांगा. त्यांना 'ठेवतो' म्हणून दाखवाच.

ता. क. ३. एक घोटाळा झालाय. तुमच्या गावच्या सभागृहातून पाटीसाठी दुभाष्याचं नाव विचारायला फोन आला, आणि घाईत माझ्या तोंडून जन्माच्या सवयीचं तेच आलं. पाटी रंगवून दाराशी लागली आहे, मोठ्या अक्षरांत: 'दुभाषी: मामा'. आता बदलता येत नाही म्हणतात. तेव्हा रविवारी तुम्ही आला नाहीत, तर सगळं गाव म्हणणार की यांनी पाटीवर लिहून आम्हाला मामा बनवलं.